मरखा दरीत एकट्याने जाताय? सह्याद्रीच्या सवयी इथे नडतात

'राजगड-तोरणा एका दिवसात केलाय, मरखा काय चीज आहे,' असं मी निघण्याआधी चारचौघांत म्हणालो होतो. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

मरखा ही लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातली दरी. चिलिंगकडून शिरायचं, स्कीयू, मरखा, हांकर करत निमालिंगच्या कुरणावर चढायचं आणि ५,२०० मीटरच्या वर असलेली कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शांग सुमदोकडे उतरायचं. चार-पाच दिवस लागतात. गावोगाव होमस्टे आहेत, वाट ठळक आहे, म्हणून एकटे जाणारे बरेच. चढायची सवय आपल्याला असतेच. गोची होते ती भलतीकडेच.

पहिली चूक विमानातून उतरताच होते. मुंबई समुद्रसपाटीला, लेह ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. काही तासांत एवढं वर आल्यावर शरीर गडबडतं, मग तुम्ही मॅरेथॉन पळणारे असा नाहीतर खुर्चीत बसणारे. 'फिट असाल तर त्रास होत नाही' हा सल्ला देणाऱ्याला हात जोडा. उलट फिट माणूसच पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो. लेहमध्ये किमान दोन, जमल्यास तीन रात्री काढा. पुढेही आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचीवर झोपणं टाळा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, मित्राच्या गोळीवर जाऊ नका.

आता ओढे. माझ्या मते इथली खरी परीक्षा हीच, आणि सह्याद्रीने आपल्याला याबाबत उलटं शिकवलंय. आपल्याकडे पाऊस पडला की ओढा फुगतो, आभाळ स्वच्छ असेल तर बिनधास्त उतरा. इथे लख्ख ऊन पडलं की ओढा फुगतो. वरचा बर्फ सकाळपासून वितळायला लागतो आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं. सकाळी सातला घोट्याएवढा असलेला प्रवाह चारला मांडीला लागतो, तोही गढूळ, तळ न दिसणारा. काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणी नाहीत. मी मरखा गावाच्या अलीकडे नेमका चारला पोचलो. समोर गाव दिसतंय, मध्ये पाणी. दोन पावलं आत टाकली, पायाखालचे गोटे सरकताना ऐकू आले आणि मागे फिरलो. काठापासून लांब, उंचावर रात्र काढली. सकाळी त्याच जागी गुडघ्याच्याही खाली पाणी होतं.

म्हणून पहाटे निघा, ओढे दुपारच्या आत संपवा. ओलांडताना पिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती पटकन टाकता येईल. पायात पट्ट्यांच्या सँडल हव्यात, अनवाणी नको. तोंड पाणी येतं त्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय हलवा. गावकरी किंवा घोडेवाले दिसले तर थांबून कुठून उतरतात ते बघा.

पाऊस कमी म्हणून तंबू नाल्यात ठोकणं ही याच चुकीची धाकटी बहीण. लेहमध्ये वर्षाला साधारण १०० मिलिमीटरच पाऊस पडतो, पण डोंगर उघडेबोडके. पाणी मुरत नाही, दगडमाती घेऊन धावतं. ऑगस्ट २०१० मधल्या एका रात्रीच्या ढगफुटीने लेह परिसरात दोनशेहून अधिक माणसं गेली.

तहानेचंही तसंच. कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे आपण पाणी गमावतोय हे कळत नाही. तहान लागायची वाट बघू नका, लघवीचा रंग बघा. ओढ्याचं पाणी गाळून, निर्जंतुक करूनच प्या. थंड पाण्यात क्लोरीनच्या गोळीला जास्त वेळ लागतो. खिंडीच्या दिवशी निमालिंगलाच बाटल्या भरून घ्या.

एकटं असण्याचा खरा धोका वेगळाच आहे: उंचीमुळे तुम्ही बरळायला लागलात तर तुम्हाला ते सांगायला कुणी नसतं. रोज संध्याकाळी टाचेला बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून बघा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याच क्षणी खाली. निमालिंगला हे झालं तर 'उद्या खिंड ओलांडून पलीकडे उतरू' हा विचार मोहात पाडतो. पण पलीकडे उतरायला आधी चारशे मीटर चढावं लागतं. मागे हांकरकडे मात्र पहिल्या पावलापासून उतारच आहे. मागे या, अंधार असला तरी, आणि तंबूवाल्यांपैकी कुणाला तरी सोबत घेऊन.

किरकोळ गोष्टी: गॅसची डबी विमानात नेऊ देत नाहीत, लेहमध्ये घ्या. पॉवर बँक रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवा, थंडीत ती लवकर उतरते. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन नेणं भारतात गुन्हा आहे. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, आणि पोस्टपेड असलं तरी दरीत फोन लागेल असं गृहीत धरू नका.

त्यामुळे घरी 'पोचलो की कळवतो' एवढं मोघम सांगून निघू नका. कुठल्या दिवशी कुठल्या गावात मुक्काम, शांग सुमदोला कधी उतरणार, आणि त्यानंतर किती तास वाट बघून लेहमधल्या कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून द्या. त्याची एक प्रत लेहच्या गेस्ट हाउसमध्येही ठेवा.