१७ एप्रिलची तयारी: आधी महिला डॉक्टर, मग बॅनर

१७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिनी (हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार), पेठेत किंवा सोसायटीत कार्यक्रम करणार असाल तर आधी महिला डॉक्टरांची वेळ घ्या. बॅनर, माईक, चहा होतंच. गेल्या वेळी आम्ही सगळी मांडणी मुलग्यांभोवती केली आणि प्रश्न घेऊन आलेल्या मुली, त्यांच्या आया काही न विचारताच परत गेल्या.

हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर, म्हणून तो जास्त करून मुलग्यांमध्ये दिसतो. ए प्रकारात आठवा फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, कमी, बी प्रकारात नववा. हे सांगाच, पण आईला नुसती ‘वाहक’, म्हणजे दोष मुलांकडे पोचवणारी, म्हणून पुढे जाऊ नका. तिचाही फॅक्टर कमी असू शकतो, मग बाळंतपणात किंवा ऑपरेशनच्या वेळी जिवावर बेतू शकतं. शिवाय व्हॉन विलेब्रँड हा रक्त न थांबण्याचा दुसरा आजार बाईपुरुष दोघांनाही होतो. त्याची लक्षणं अशी: पाळी सात दिवसांच्या पुढे जाते, तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, हिमोग्लोबिन सतत कमी. ‘आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. आजार आनुवंशिक आहे. आजी, मावशी, बहीण, सगळ्यांची चौकशी करा. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या नॉर्मल आल्या तरी हा आजार असू शकतो, त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञांकडेच पाठवा.

तेव्हा वेगळं टेबल, आडोसा, महिला डॉक्टर. आडोसा विसरू नका. भरल्या हॉलमध्ये पाळीबद्दल कोण विचारणार?

हॉल तळमजल्यावरचाच घ्या. सांध्यांत पुन्हा पुन्हा रक्तस्राव होऊन गुडघे आखडलेल्या मुलांना जिना चढायला लावू नका. वेळ सकाळची, एप्रिलचं ऊन आहे. शाळांच्या परीक्षा असतात, शिक्षकांना बरंच आधी कळवा. आशाताईंना बोलवा, घरोघरी त्याच जातात.

पत्रकात हे हवंच: ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नये. स्नायूतलं इंजेक्शन डॉक्टरांना आजार सांगितल्याशिवाय घेऊ नये. डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठावं. घराण्यात कुणाला नसलं तरी हिमोफिलिया होऊ शकतो, सुमारे एक तृतीयांश रुग्णांत असंच असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा समावेश आहे. फॅक्टर कुठे, कधी मिळेल ते पुण्याच्या ससून रुग्णालयात विचारून मगच छापा.

खुर्च्या, पाणी, नोंदवही. फोटो विचारून. आदल्या संध्याकाळी डॉक्टरबाईंना पुन्हा फोन करा, आणि त्यांना जमलं नाही तर दुसऱ्या कोण येतील तेही आधीच ठरवा.