टेबलावर किती घेऊन बसायचं?

पोकरच्या कॅश गेमला, म्हणजे जिथे समोरच्या चिप्स हाच खरा पैसा असतो त्या टेबलावर, पहिल्यांदा बसलो तेव्हा माझा हिशोब सरळ होता: कमीत कमी चालेल तेवढेच घ्यायचे, म्हणजे गेले तरी कमीच जातील. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोन खेळाडूंनी लावायची सक्तीची रक्कम) 1 आणि 2 चे, त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड. बाय-इन, म्हणजे टेबलावर घेऊन बसायची रक्कम, किमान 80, कमाल 200. मी 80 घेतले, म्हणजे 40 बिग ब्लाइंड. त्या रात्री मी तीनदा 80 घेतले. कमालपेक्षा जास्त पैसे टेबलावर गेले, पण माझ्यासमोर पूर्ण स्टॅक (समोरच्या एकूण चिप्स) एकदाही नव्हता.

नवीन माणसाने आधी एक सवय लावून घ्यावी. रक्कम पैशात मोजू नये, बिग ब्लाइंडमध्ये मोजावी. 1-2 च्या टेबलावरचे 200 आणि 2-5 च्या टेबलावरचे 500 हा एकच खेळ आहे, दोन्हीकडे 100 बिग ब्लाइंड. 200 घेऊन 2-5 ला बसलात तर 40 च झाले आणि खेळ पार बदलला.

का बदलतो, ते त्याच रात्रीच्या एका डावाने मला शिकवलं. माझ्यासमोर 44 उरले होते, म्हणजे 22 बिग ब्लाइंड. पुढच्या भिडूने 6 चा रेज केला, म्हणजे रक्कम 6 वर नेली. माझ्या हातात सत्तीची जोडी, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले, पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, 15 चा झाला. फ्लॉपला (सगळ्यांसाठी उघडले जाणारे पहिले तीन पत्ते) बदाम राजा, किल्वर सत्ती, चौकट दुर्री. माझी सत्तीची तिकडी झाली. याहून चांगला फ्लॉप मागूनही मिळाला नसता. त्याने 10 लावले, मी उरलेले 38 लावून ऑल-इन झालो, त्याने लगेच कॉल केला आणि एक्का-राजा दाखवला. डाव माझा. त्याच्यासमोर तीनशेच्या वर चिप्स होत्या आणि तो त्या राजावर आणखीही लावायला तयार होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण टेबलाचा नियम असा की डाव चालू असताना समोर आहे तेवढंच मोजलं जातं, खिशातून भर घालता येत नाही. दोघांपैकी ज्याचा स्टॅक लहान, तेवढ्याचाच खेळ. माझ्या 38 पुढे त्याचे तीनशे माझ्या कामाचे नव्हते.

घरी आल्यावर मी गणित मांडलं. हातातल्या जोडीची फ्लॉपला तिकडी किंवा त्याहून चांगलं काही होणं सुमारे साडेआठ डावांत एकदा घडतं. म्हणजे एका यशामागे साडेसात वेळा 3 बिग ब्लाइंड गेले, साडेबावीस. 22 चा स्टॅक असेल तर यश आलं त्या वेळी जास्तीत जास्त त्याचे उरलेले 19 आणि पॉटमधले साडेचार, मिळून साडेतेवीस हाती येतात. तेही तो दर वेळी सगळं देईल आणि माझी तिकडी कधीच हरणार नाही असं धरून! तो कॉल मुळात चुकीचा होता. डाव जिंकलो म्हणून चूक दिसली नाही, इतकंच.

आता हेच 100 बिग ब्लाइंडला बघा. रेजमध्ये 3 गेले, 97 उरले. पॉट साडेसातचा. फ्लॉप, टर्न (चौथा उघडा पत्ता), रिव्हर (पाचवा आणि शेवटचा) या तिन्ही ठिकाणी पॉटएवढी रक्कम लावली तर साडेसात, साडेबावीस, साडेसदुसष्ट. बेरीज साडेसत्त्याण्णव. पूर्ण स्टॅक तीन पावलांत आत जातो. मला हा आकडा फार आवडतो, कारण 100 चा बाय-इन एवढा रूढ का, ते त्यात दिसतं: तिन्ही टप्प्यांवर खेळायला जागा मिळते.

पण हीच जागा उलटीही फिरते. 40 ला राजाची जोडी आणि सोबत एक्का असेल तर उरलेला स्टॅक पॉटच्या पाचपट असतो. तिथे सगळं आत गेलं तरी फारसं वाईट नाही. 100 ला तो तेरापट होतो. 200 ला त्याच एका जोडीवर सगळं लावलंत तर समोरच्याकडे बहुतेक वेळा तुमच्याहून चांगलंच काहीतरी असतं. म्हणून कमाल रक्कम 200 किंवा 300 बिग ब्लाइंड असेल तिथेही नवख्याने पहिले काही महिने 100 च्या पुढे जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

आणि 100 ची भीती वाटत असेल तर? टेबल बदला, एक पायरी खाली या. वरच्या टेबलावर अर्धा स्टॅक घेऊन बसण्यापेक्षा खालच्या टेबलावर पूर्ण स्टॅक घेऊन बसलेलं बरं. 40 ला खेळणं वाईट असतं असं नाही. तो शिस्तीचा प्रकार आहे: लहान जोड्या आणि एकाच रंगाचे सलग पत्ते सोडून द्यायचे, मोठे पत्ते आक्रमकपणे खेळायचे. कोणी ठरवून तसा खेळत असेल तर त्याला माझा आदर आहे. मी मात्र भीतीपोटी 40 घेऊन 100 सारखे पत्ते खेळत होतो.

भीतीचं मूळ बहुधा टेबलाबाहेर असतं. खेळासाठी वेगळे काढलेले पैसे किमान 20 ते 30 पूर्ण बाय-इन एवढे असावेत. घरखर्चाचा, फीचा पैसा त्यात नको. ते जमत नसेल तर रिव्हरला योग्य कॉलसुद्धा हातून होत नाही, मग स्टॅक कितीही असो.

टॉप-अपकडे बहुतेक नवीन लोक दुर्लक्ष करतात. 100 चे 70 झाले की दोन डावांच्या मधे भर घालून पुन्हा 100 करा. ऑनलाइन टेबलांवर ही सोय बऱ्याचदा आपोआप चालू ठेवता येते. ‘आधी हरलेले परत येऊ दे, मग भरीन’ असं मी कित्येक तास म्हणत बसलो, आणि चांगले पत्ते आले ते नेमके 35 वर असताना. मात्र त्या बैठकीत एकूण किती वेळा भरायचं ते बसायच्या आधी ठरवा. माझी मर्यादा तीन पूर्ण बाय-इनची आहे आणि मी ती मोडत नाही.

जिंकून स्टॅक 250 झाला तर त्यातले अर्धे खिशात घालून तिथेच खेळता येत नाही, ते नियमाविरुद्ध आहे. उठून जाता मात्र येतं. डाव्या हाताला तेवढाच मोठा स्टॅक घेऊन एखादा मुरलेला खेळाडू बसला असेल, तर तो जवळपास प्रत्येक डावात माझ्यानंतर निर्णय घेणार असतो. अशा वेळी मी ब्लाइंड यायच्या आत चिप्स उचलतो आणि दुसऱ्या टेबलावर 100 घेऊन बसतो.