पहिल्या सेमिस्टरचं ‘सी’: या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून पीयूसी (बारावी) करून बेळगावात इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला येणाऱ्या मुलांच्या ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये दरवर्षी त्याच चुका सापडतात. हुशारी कमी नसते, घाई फार असते.

सगळ्यात महागात पडते ती पूर्णांकांच्या भागाकाराची चूक. उसाच्या बिलाचा प्रोग्रॅम घ्या. ट्रॉलीत निव्वळ ऊस ९६४० किलो, दर टनाला ३००० रुपये धरू. मुलगा लिहितो: टन = किलो / १०००. ‘किलो’ इंट (पूर्णांक) आहे, पण ‘टन’ फ्लोट (दशांश संख्या) जाहीर केलाय, म्हणजे ९.६४ येणारच अशी त्याची खात्री. येतात ९.००. ‘सी’ आधी उजवी बाजू सोडवतं. इंटला इंटने भागलं की दशांश तिथेच गळतो, आणि उरलेला ९ फ्लोटमध्ये जाऊन बसतो. ६४० किलो ऊस, म्हणजे १९२० रुपये, हिशेबातून गेले आणि कंपायलरने (कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमने) सहसा साधी वॉर्निंगही दिली नाही. म्हणून मी आकडाच १०००.० असा लिहायला सांगतो. भागाकार कंसात ठेवून बाहेरून फ्लोट लावणं निरुपयोगी, तोवर दशांश गेलेला असतो. टक्केवारीतही तेच: ४३१ / ६०० * १०० याचं उत्तर शून्य, ४३१ * १००.० / ६०० याचं ७१.८३.

हाच प्रोग्रॅम टर्बो सी या जुन्या कंपायलरवर चालवला तर आणखी एक खड्डा आहे. तिथे इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७. साडेअठरा हजार किलोंच्या दोन खेपांची बेरीज ३७००० यायला हवी, स्क्रीनवर येते -२८५३६. तिथे लाँग (मोठा पूर्णांक) घ्या आणि छापताना पर्सेंट-एलडी (%ld) वापरा. ही चूक फक्त नवशिक्यांची नव्हे. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं, कारण ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही.

इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफने (scanf) आधी आकडा आणि मग एक अक्षर वाचलं, तर ‘प्रोग्रॅम अक्षर घ्यायला थांबतच नाही’ अशी तक्रार येते. आकड्यानंतर दाबलेला एंटर बफरमध्ये (वाचायच्या बाकी इनपुटच्या साठ्यात) पडून असतो, अक्षर वाचणारं पर्सेंट-सी (%c) तोच उचलतं. पर्सेंट-सीच्या आधी, अवतरणाच्या आत, एक मोकळी जागा सोडा. बफर रिकामा करायला सीनियरच्या लॅब रेकॉर्डमधून एफफ्लश(एसटीडीइन) उतरवू नका. इनपुटवर ते काय करेल हे ‘सी’चं स्टँडर्ड सांगत नाही. एका मशीनवर चाललं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

इफमध्ये = लिहिलं की तुलना होत नाही, किंमत बदलते; तिथे == हवं.

स्कॅनएफमध्ये इंटच्या नावाआधी & विसरलात तर प्रोग्रॅम बहुधा मध्येच कोसळतो.

१० घरांच्या ॲरेचं (एकाच नावाखालच्या किमतींच्या रांगेचं) शेवटचं घर ९ नंबरचं, कारण मोजणी ० पासून असते. लूपमध्ये <= १० लिहू नका.

एररच्या इंग्रजीला घाबरून पूर्ण यादी खाली सरकवणारे बरेच आहेत. फक्त पहिली एरर वाचा, ती दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून आलेल्या असतात. एररने दाखवलेल्या १२व्या ओळीत दोष दिसत नसेल तर ११वी बघा, अर्धविराम बहुतेक तिथे लिहायचा राहिलेला असतो. आणि -वॉल (-Wall, वॉर्निंगा दाखवणारा पर्याय) लावल्याशिवाय जीसीसी कंपायलर चालवूच नका. त्या वॉर्निंगा अडथळा वाटतात म्हणून बंद करणारी मुलं नंतर तीच चूक तासभर हाताने शोधत बसतात.