थंडीत केळीचा पोंगा वाचवायचा तर

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत आहे. त्यात नाल्याकडचा वीसेक गुंठ्यांचा एक तुकडा. वरची बाग हिरवीगार असायची, पण डिसेंबर लागला की या तुकड्यातली केळी पिवळी पडायची. बरीच वर्षं आम्ही जमिनीला दोष दिला. शेणखत वाढवलं, माती तपासून आणली. मग एका हिवाळ्यात मी दोन साधे कमाल-किमान तापमापक आणले, एक वरच्या बागेत आणि एक खाली नाल्याकडे, कमरेएवढ्या उंचीवर खुंटीला बांधून ठेवले. सकाळी पाहिलं तर वर ९ अंश आणि खाली साडेसहा. एवढ्याशा उताराला अडीच अंशांचा फरक.

गार हवा जड असते. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर ती रात्रभर पाण्यासारखी उताराने खाली सरकते आणि सखल जागी साचून राहते. आमची चूक अशी की नाल्याच्या कडेला आम्हीच शेवरी दाट लावली होती. वाऱ्याला आडोसा म्हणून लावली, पण तिने गार हवेला बांध घातला. त्या बाजूची शेवरी आम्ही दोन ठिकाणी दहा-दहा फूट तोडून वाट मोकळी केली. आता शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा फक्त उत्तरेला, म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला ठेवतो. थंडीची तयारी करायची तर पहिलं काम हेच: नोव्हेंबरात शेतातून एकदा भल्या पहाटे चाला. पायाला सगळ्यात जास्त गारठा कुठे लागतो ते तुम्हाला आपोआप कळेल. तापमापक नंतर टांगा, पण टांगा नक्की. पेपरातला आकडा तुमच्या शेतातला नसतो.

केळीला २६ ते ३० अंश मानवतात. रात्री पारा १६च्या खाली जाऊ लागला की नवं पान उमलायला वेळ लागतो. १०च्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. एरवी आठवड्याला एक पान टाकणारं खोड वीस-पंचवीस दिवस एकाच पोंग्यावर, म्हणजे न उलगडलेल्या गुंडाळीच्या पानावर, अडून बसतं. तेव्हा जीव घाबरतो. पण पोंगा पांढरट-हिरवा आणि ताठ असेल तर खोड जिवंत आहे, फक्त थांबलं आहे. माझे सासरे, आबा, म्हणायचे, "पान गेलं तं जाऊ दे, पोंगा राह्यला पाह्यजे." मी सांगते ते सगळं या एका वाक्याभोवतीच आहे. पोंगा वाचवायचा आणि जमिनीतला कंद उबेला ठेवायचा. पानं मागाहून येतात.

पाण्यावर मी सगळ्यात जास्त भर देते. आपल्याकडे बोअरचं पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असतं. पहाटे तीन ते सहा या वेळात जमीन सगळ्यात गार झालेली असते, तेव्हाच ते ठिबकने सोडायचं. ओली माती दिवसाचं ऊन धरून ठेवते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. कोरडी, भुसभुशीत माती पटकन गार होते. मात्र चिखल करू नका. थंडीत झाड पाणी कमी पितं, आणि साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात. मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि बोटाने ढकलला की फुटावा, एवढाच ओलावा हवा. ज्या आठवड्यात लाईट दिवसाची असते, त्या आठवड्यात मी दुपारी उशिरा पाणी देते, म्हणजे रात्रीला जमीन ओली असते. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात आमचे सालदारदादा पहाटे तीनला मोटार सुरू करतात. थंडीत त्या वेळी उठणं सोपं नाही, म्हणून त्या महिन्याचा त्यांचा चहा-साखरेचा खर्च आमच्याकडे असतो आणि मोटारीजवळ शेकायला लाकडं रचून ठेवलेली असतात.

खताच्या बाबतीत मी एकदा मोठं नुकसान करून घेतलं. पानं पिवळी दिसली म्हणून डिसेंबरात कांदेबागेला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या केळीला, युरिया ढकलला. जमीन गार होती, मुळं निजलेली होती, त्यांनी काही उचललं नाही. जानेवारीत चार दिवस ऊब आली तेव्हा एकदम लुसलुशीत पान निघालं आणि पुढच्याच गारठ्यात काळं पडलं. तेव्हापासून नत्राचा मोठा हप्ता मी ऑक्टोबरअखेर संपवते. थंडीत ठिबकमधून थोडं थोडं, आणि पालाशकडे (पोटॅशकडे) जास्त लक्ष. नोव्हेंबरात दर खोडाला २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि वर मातीची भर. पाच बाय पाच फुटांवर एकराला १७००च्या आसपास खोडं बसतात, म्हणजे सव्वाचार क्विंटल पेंड लागते, ती आधीच आणून ठेवा. भर लावताना कंद उघडा राहिला तर बाकीचं सगळं वाया.

आता कोणत्या बागेला काय लागतं ते. जून-जुलैला लावलेली मृगबाग थंडीत मोठी असते आणि तिची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, थंडीच्या शेवटाला येते. सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग तेव्हा गुडघ्याएवढी असते. कांदेबागेच्या टिश्यूच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांना मी क्रॉप कव्हर घालते. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या रोवून त्यावर पांढरं कापड ताणायचं, कडा मातीने दाबायच्या. कापड पानाला टेकू देऊ नका. जिथे टेकतं तिथे दहिवर साचतं आणि तेवढाच डाग पडतो. साधं प्लास्टिक तर नकोच, ते रात्री ऊब धरत नाही आणि दुपारी आत भट्टी करतं. दिवसा पारा ३०पर्यंत चढला तर एका बाजूने कापड उचलून हवा द्या. कापडाने मावा ही कीडही लांब राहते, आणि हरण्या हा विषाणूचा रोग पसरवणारा मावाच असतो, हा जोडीचा फायदा.

निसवणाऱ्या खोडाचं दुखणं वेगळं. थंडीत दांडा पुरेसा लांब होत नाही आणि घड गळ्यातच अडकतो, फण्या एकमेकींवर चढतात, केळी वाकडी होतात. एकदा अडकला की करण्यासारखं फार नसतं. मी खोडाची बाहेरची एक-दोन सोपटं (सालीचे थर) हलक्या हाताने सैल करते. कोयता लावून चीर देणारे लोक आहेत, मी देत नाही, कारण जखमेतून सड शिरलेली मी पाहिली आहे. खरा उपाय लागवडीच्या तारखेत आहे. ज्यांचं रान सखल आहे त्यांनी भर थंडीत निसवण येईल अशी लागवड धरूच नये.

बाहेर आलेल्या घडाला मात्र जपता येतं. केळफूल मोडल्यावर घडाला १०० गेज जाडीची प्लास्टिकची पिशवी घालायची. हिवाळ्यात २ टक्के छिद्रांची, उन्हाळ्यात ६ टक्क्यांची. फळाला १३ अंशांखाली फार वेळ काढावा लागला तर सालीखालचा चीक गोठतो, तपकिरी रेघा उमटतात, आणि पिकल्यावर पिवळा रंग चढण्याऐवजी राखाडी कळा येते. याला आपण चरका म्हणतो. घड झाडावर हिरवा असताना तो नीट दिसत नाही, म्हणून एक केळ नखाने हलकं सोलून पाहा. व्यापारी तेच पाहतो आणि भाव तिथेच पडतो.

शेकोट्यांबद्दल मला नेहमी विचारतात. आम्ही फक्त नाल्याकडच्या तुकड्यात पेटवतो, फार गारठा असेल त्याच पहाटे, चार-पाच ठिकाणी लहान लहान. वारा नसेल तर थोडा उपयोग होतो, वारा असला तर लाकडं फुकट जातात. धुराने बाग झाकली म्हणजे काम झालं असं समजू नका, उपयोगी पडते ती आच. ठिबकच्या नळ्या आधी बाजूला घ्या.

केळीची वाळकी पानं मी थंडीत काढत नाही. करप्याचे डाग असलेला भाग तेवढा कापून बागेबाहेर नेते, कारण दहिवराने करपा वाढतो. बाकीची लोंबती पानं खोडाला गोधडीसारखी असतात. निसवणीच्या वेळी खोडावर दहा-बारा धड पानं हवीत, हे ध्यानात ठेवून कोयता चालवा.

हे सगळं खानदेशातलं. पण दव गोठवणारी थंडी म्हणजे काय ते मला भावाने दाखवलं. तो राजस्थानात चुरूला नोकरीला आहे. तिथे मे-जूनमध्ये पारा ५०च्या घरात जातो आणि जानेवारीत शून्याखाली उतरतो. आपल्याकडे नंदुरबारच्या तोरणमाळ-डाबकडे दव गोठतं, तेवढंच मला ठाऊक होतं. त्याने आमच्या बागेतले चार मुनवे (कंदाला फुटलेली पिलं) गोणपाटात बांधून रेल्वेने नेले आणि क्वार्टरच्या अंगणात लावले. पहिल्या हिवाळ्यात एका रात्रीत पानं उकडल्यासारखी काळी झाली. त्याचा फोन आला, "आक्का, केळी गेली." मी त्याला म्हटलं, कोयता घरात ठेव, होळीपर्यंत हात लावू नको.

मार्चमध्ये त्याने माझ्या सांगण्याप्रमाणे वरून चार-चार बोटांचे काप काढत खोड खाली आणलं. वरचे काप तपकिरी, पाणचट. छातीएवढ्या उंचीवर मधोमध पांढरा, घट्ट ठिपका दिसला. तिथे थांबला. दुसऱ्या दिवशी तो ठिपका बोटभर वर आला होता. दोन खोडं अशी वाचली. दोन मुळापर्यंत गेली, पण कंदातून पिलं फुटली.

दुसऱ्या वर्षापासून त्याची रीत ठरली. खोडं भिंतीच्या दक्षिण अंगाला, म्हणजे दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री ऊब देते. पिलं सगळी न काढता बेट दाट ठेवायचं. डिसेंबरच्या सुरुवातीला खोडाभोवती बाजरीचा कडबा उभा लावून वर गोणपाट गुंडाळायचं, बुडाशी वाळू-मातीचा हातभर ढीग. गोठणाऱ्या रात्री वरून जुनी चादर, सकाळी काढायची. पाणी दुपारी, तेही थोडं. तिथल्या रेताड जमिनीत गारठ्यात भिजलेला कंद सडतो. खोड जितकं उंच वाचेल तितकी पुढच्या हंगामात फळाची आशा, कारण केळीला घड धरायला वाढीचे नऊ-दहा महिने लागतात आणि तिथे थंडी त्यातले तीन खाते. मुळापासून फुटलेलं पिल त्याच वर्षी निसवत नाही.

फेब्रुवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा १५च्या वर टिकू लागला की पोंगा हलतो. पहिलं पान बहुधा आखूड, कडा करपलेलं निघतं, ते राहू द्या. दोन पानं पूर्ण उलगडली की मगच वाळकी पानं उतरवा, खताचे हप्ते पूर्ववत करा आणि क्रॉप कव्हर धुऊन, सावलीत वाळवून घडी घाला. उंदीर लागू नयेत म्हणून आम्ही ते पत्र्याच्या पेटीत ठेवतो.