डाग न धरणारं कार्पेट आणि आपलं काम : बडोद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

कार्पेट धुण्याच्या कामात नव्याने शिरणारी मुलं मला पहिला प्रश्न मशीनचा विचारतात. कुठलं घेऊ, किती मोटरचं घेऊ, सेकंडहँड चालेल का. मशीन कुठलंही चालतं. एक्स्ट्रॅक्शन (पाणी मारून मळासकट ओढून घेणं) कसं करायचं, कुठलं केमिकल किती पाण्यात घालायचं, हे तुम्हाला येतं असं मी धरून चालते. येत नसेल तर महिन्या-दोन महिन्यांत हाताला बसेल. मला सांगायचंय ते वेगळंच. डाग न धरणारं कार्पेट बाजारात आलं तेव्हापासून हे काम घासण्याचं राहिलेलं नाही, रंगाऱ्याच्या शास्त्राचं झालं आहे. आणि आपल्याकडे शिकवणारे अजून घासायलाच शिकवतात.

१९८६ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने स्टेनमास्टर नावाचं नायलॉन कार्पेट आणलं आणि टीव्हीवर त्याची दणकून जाहिरात केली. त्याआधी ३एमचं स्कॉचगार्ड १९५६ पासून होतंच, पण त्याचं काम निराळं. स्कॉचगार्डच्या जातीची फ्लोरिनची रसायनं धाग्यावर असा थर देतात की पाणी आणि तेल आत न जिरता थेंब होऊन वर उभं राहतं. सांडलेलं टिपायला तुम्हाला वेळ मिळतो, एवढंच. स्टेनमास्टरमध्ये हा थर होता, पण त्याच्या जोडीला धाग्यातच बसवलेला स्टेन ब्लॉकर, म्हणजे डाग अडवणारं रसायन, होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ज्याला कळलं, त्याचं अर्धं काम झालं.

ब्लॉकरचं कोडं मला सोडवून दिलं ते दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकांनी. जीएसएफसी या खत-रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिकडे फर्टिलायझरनगरला कॅप्रोलॅक्टम नावाचं रसायन तयार होतं आणि त्यापासून नायलॉन-६. म्हणजे ज्या धाग्यासाठी आपण परदेशी व्हिडिओ चाळत बसतो, तो आपल्या गावात बनतो. काका म्हणाले, "अगं, नायलॉन रंगवतात कसं ते आधी समजून घे, मग डाग काढ."

तर नायलॉन रंगवतात अ‍ॅसिड डायने. नायलॉनच्या रेणूच्या टोकांना अमाइन गट असतात. आंबट पाण्यात त्यांच्यावर धन भार येतो, रंगाचा रेणू ऋण भाराचा असतो, दोघं एकमेकांना धरतात. पण कारखान्यात रंगवून झाल्यावरही अशा बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. आता सरबतातला लाल रंग, जिलेबीतला केशरी, बर्फगोळ्यातला हिरवा, हे सगळे खाण्याचे कृत्रिम रंग म्हणजे अ‍ॅसिड डायच. सरबतात लिंबाचा किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचा आंबटपणा असतोच. म्हणजे कोऱ्या नायलॉनवर लाल सरबत सांडलं की तो डाग नसतो, तुमच्या डोळ्यांदेखत तेवढं कार्पेट रंगवलं जात असतं. मग घासून काय होणार? स्टेन ब्लॉकर हाही ऋण भाराचाच, पण बिनरंगी रेणू. एसटीत आधी चढलेल्या माणसाने रिकाम्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा, तसा तो त्या जागा अडवून बसतो. रंगाला बसायला जागाच उरत नाही, तो पाण्याबरोबर निघून येतो.

रुमाल उचलला गेला की मात्र जागा पुन्हा मोकळी. ते रुमाल आपणच उचलतो, साफ करायला जाऊन.

आता ज्या खड्ड्यात मी सापडले होते तो सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण बडोद्यात अजूनही रोज कुणीतरी त्यात पडतंय. मी सयाजीगंजातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होते तेव्हा एका एजन्सीच्या माणसाने आम्हाला शिकवलं होतं की शेवटच्या पाण्यात कपड्यांचं सुगंधी कंडिशनर झाकणभर टाकायचं. कार्पेट मऊ होतं, वास दरवळतो. खरंच होतं. मॅनेजर कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणायचे, "वाह, सरस सुगंध आवे छे!" पुढे काही आठवड्यांत लिफ्टपासून खोल्यांपर्यंत करडा पट्टा उमटायचा. एरवी ओल्या फडक्याने निघणारं सरबत आता निघेना. दोष कुणाला? मशीनला, बोअरच्या पाण्याला, रात्रपाळीच्या पोरांना. वासावर कुणालाच संशय आला नाही.

कंडिशनरचा मऊपणा ज्या रसायनाने येतो ते धन भाराचं असतं. कॅटायनिक. डब्यावर हा शब्द दिसला, किंवा 'क्वाट', 'क्वाटर्नरी अमोनियम' असं काही दिसलं, की डबा खाली ठेवा. धन भाराचं हे रसायन ऋण भाराच्या ब्लॉकरला जाऊन चिकटतं आणि त्याला निकामी करतं. वर स्वतःचा धन भार धाग्यावर सोडतं. म्हणजे अडवलेल्या जागा तर गेल्याच, रंगाला धरणाऱ्या नव्या जागा तयार झाल्या. शिवाय ते तेलकट, त्यामुळे बुटांची धूळ धरून ठेवतं. एका झाकणात तिन्ही नुकसानं. परदेशातल्या कार्पेट कंपन्या वॉरंटीच्या कागदात कॅटायनिक वापरू नका असं लिहितात ते याच कारणाने.

कंडिशनर तुम्ही वापरत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २०२० नंतर हॉटेलं, ऑफिसं, दवाखाने सगळीकडे जंतुनाशकाची फवारणी सुरू झाली, कितीतरी ठिकाणी अजून चालू आहे. त्यातलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे कॅटायनिकच. तुम्ही नीट धुऊन जाता आणि तुमच्या मागून हाउसकीपिंगवाला पंप घेऊन फिरतो. म्हणून कॉन्ट्रॅक्ट घेताना पहिला प्रश्न हा विचारा: कार्पेटवर काय काय फवारता? डबा प्रत्यक्ष मागून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका. सुगंधी स्प्रे, 'सॉफ्ट फील' रिन्स, वास घालवायच्या पावडरी, सगळ्यांची लेबलं वाचा. लेबल नसलेल्या कॅनमधलं केमिकल कितीही स्वस्त मिळालं तरी नको. लेबल नसलेल्या कॅनवर माझा राग आहे आणि तो राहणार.

एकदा चूक झाली म्हणून कार्पेट वाया गेलं असं मात्र नाही. घाबरू नका. साध्या ऋण भाराच्या डिटर्जंटने दोनदा नीट एक्स्ट्रॅक्शन करा, मग आंबट रिन्स (थोडं अ‍ॅसिड घातलेलं शेवटचं पाणी), मग ब्लॉकर पुन्हा चढवा. तो वेगळा विकत मिळतो. पूर्वीसारखं शंभर टक्के होत नाही, पण सरबत पुन्हा निघायला लागतं.

दुसरा शत्रू अल्कली, म्हणजे सोड्यासारखी, आंबटाच्या उलट रसायनं. हे थोडक्यात सांगते, कारण पीएच कागद (पाणी आंबट की अल्कली हे रंगावरून दाखवणारा) हातात घेतला की ते स्वतःच दिसतं. १९८६ च्या आधी अमेरिकेतही कडक अल्कलीने तेलकट मळ उचलायचे आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. ब्लॉकर आंबट द्रावणात चढवतात आणि आंबटातच तो टिकतो. कडक अल्कलीत सुटायला लागतो. म्हणून १० च्या वर पीएच जाऊ द्यायचा नाही, असा दंडक तिकडच्या धंद्यात पडला. शेवटच्या रिन्सला आंबट करायची पद्धतही रुळली. आपल्याकडे अजून धुण्याचा सोडा घालतात, त्याचा पीएच ११ च्या वर जातो. सोडा कपड्यांना ठेवा. रिन्सच्या पाण्यात थोडी लिंबाची फुलं, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आणि शेवटी ओल्या कार्पेटवर पीएच कागद दाबून बघायचा. टाकीतला नव्हे, कार्पेटचा पीएच महत्त्वाचा.

हळद हा आपला खास विषय, आणि परदेशी व्हिडिओ तुम्हाला इथे हमखास बुडवतील. सेव-उसळीचा तर्रीदार रस कार्पेटवर सांडला की गिऱ्हाईक म्हणतं, "डाग पडत नाही म्हणून तर एवढं महाग घेतलं!" ब्लॉकर अडवतो अ‍ॅसिड डायला. हळदीतला कुरकुमीन तसा नाही. तो तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर धाग्यात शिरतो. अमेरिकेतही मोहरीच्या पिवळ्या सॉसचे डाग वॉरंटीतून वगळतात, त्या सॉसचा पिवळेपणा हळदीचाच. केस रंगवायचा डाय, आयोडीन, ब्लीच हेही बहुतेक वगळलेलेच असतात. आणि हळदीवर अल्कली घातली की काय होतं ते आपल्या आजीला ठाऊक होतं, हळदीत चुना घालूनच तर कुंकू करायचे. सोड्याचं पाणी टाकलं की पिवळा डाग विटकरी होतो, गिऱ्हाईक ओरडतं आणि तुम्ही घाबरून आणखी घासता.

हळदीला असं करा. चमच्याने जाड भाग उचला. पांढऱ्या टॉवेलने टिपा, घासू नका. तेल आधी काढा, ड्राय सॉल्व्हंट स्पॉटरने (तेल विरघळवणारं, बिनपाण्याचं डाग काढायचं औषध), थेट कार्पेटवर न ओतता टॉवेलवर घेऊन. मग पातळ न्यूट्रल डिटर्जंट, मग आंबट रिन्स. पिवळी झाक उरली तर हायड्रोजन पेरॉक्साइड, पण आधी कोपऱ्यात कपाटाखाली लावून बघा. सुटा गालिचा असेल तर उन्हात टाका. कुरकुमीन उन्हात विटतो, आणि बडोद्याच्या उन्हाइतकं स्वस्त स्पॉटर कुठे मिळणार नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट उन्हात नेता येत नाही. तिथे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं की फिकं होईल, जाईलच असं नाही. हे वाक्य बोलायला नव्या माणसाला फार जड जातं. बोला.

हे सगळं नायलॉनचं. पण समोर नायलॉन आहे हे कशावरून? दुकानदाराच्या सांगण्यावर अजिबात जाऊ नका. कडेचा एक टफ्ट, म्हणजे धाग्यांचा झुपका, कापा आणि पाण्याच्या ग्लासात टाका. बोटांनी दाबून आतली हवा काढून टाका, नाहीतर फसाल. तरंगत राहिला तर पॉलिप्रॉपिलीन, ते पाण्याहून हलकं असतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. मग चिमट्यात धरून जाळून बघा: पॉलिएस्टर काळा काजळीचा धूर सोडतं, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीचा. लग्नाच्या मांडवातली पुष्कळ लाल कार्पेटं आणि ऑफिसातल्या पुष्कळ टाइल्स पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यात रंग सूत काढतानाच मिसळलेला असतो, सरबताला धरायला जागाच नसते. ब्लॉकर तिथे लागतच नाही, पण तेल मात्र ते घट्ट धरतं. तिथे 'स्टेन प्रोटेक्शन'च्या नावाने ब्लॉकरचे वेगळे पैसे घेणारे गावात आहेत. तुम्ही घेऊ नका.

नायलॉनवर ब्लॉकर शाबूत आहे का, हेही त्याच टफ्टवरून कळतं. कृत्रिम रंगाच्या लाल सरबतात थोडं लिंबू पिळून त्यात टफ्ट बुडवून ठेवा, मग नळाखाली धुवा. लाल उरला तर ब्लॉकर गेलेला. हा धुतलेला टफ्ट गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवा. त्याला समजावण्यात तुमचा अर्धा तास वाचतो. कार्पेटवर पाण्याचा थेंब टाकून बघणारे पुष्कळ आहेत. त्याने फक्त फ्लोरिनचा थर कळतो, ब्लॉकर नाही.

गिऱ्हाइकाचा आणखी एक समज तुम्हाला छळेल. डाग पडत नाही म्हणजे मळतही नाही. स्टेनमास्टरच्या जाहिरातींनी अमेरिकेत हेच केलं, धुणाऱ्यांची गरज संपली असं लोकांना वाटलं. झालं उलटं. अनेक कंपन्यांनी वॉरंटी चालू ठेवायला ठरावीक मुदतीत, बऱ्याचदा दीड वर्षात एकदा, व्यावसायिकाकडून गरम पाण्याचं एक्स्ट्रॅक्शन करून पावती ठेवायची अट घातली. मग काय वापरलं याची नोंद ठेवणारा माणूस टिकला. धुळीला ब्लॉकर अडवत नाही. बारीक माती धाग्याला कापते, चकाकी जाते आणि त्याला लोक 'डाग' म्हणतात. व्हॅक्यूम चुकवून थेट प्री-स्प्रे (धुण्याआधीचं केमिकल) मारणाऱ्याकडे काम शिकू नका, तो कितीही जुना असला तरी.

गुरूचं म्हणाल तर माझं मत ठाम आहे. मशीन विकणारा गुरू नसतो, केमिकल विकणारा त्याहून नसतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं, तेव्हापासून या गावात रंगाईचं शिक्षण आहे. आजही एमएस युनिव्हर्सिटीत टेक्स्टाइल केमिस्ट्रीचा विभाग आहे. पदवी घ्या असं मी म्हणत नाही. पण तिथल्या शिकणाऱ्या एखाद्या मुलाबरोबर चहा प्या आणि अ‍ॅसिड डाय आणि डिस्पर्स डाय (पॉलिएस्टर रंगवायचा) एवढं समजून घ्या. तेवढ्या गप्पांत जे मिळेल ते कुठल्याही डेमोत मिळत नाही. शिकलेलं नसलं तर जमणार नाही असंही मनात आणू नका. माझ्याकडचा डाग काढणारा सर्वांत चांगला माणूस दहावीपर्यंतही गेलेला नाही, पण पीएच कागद खिशात असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

नवा प्रोटेक्टर (स्कॉचगार्डसारखा थर) फवारताना मास्क लावा, खिडक्या उघडा. फ्लोरिनची जुनी रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत म्हणून ३एमने २००० साली स्कॉचगार्डमधलं त्या वेळचं मूळ रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकणाऱ्याला कॅनमध्ये काय आहे ते विचारा आणि सेफ्टी डेटा शीट मागा.

शेवटचं, पावसाळ्याचं. जुलै-ऑगस्टात बडोद्याच्या हवेत कार्पेट लवकर वाळत नाही. कार्पेटच्या मागे ज्यूटचं अस्तर असेल तर त्यातला तपकिरी रंग ओलीबरोबर वर चढतो, आणि अल्कली राहिली असेल तर जास्तच चढतो. खोलवर गेलेला चहाही असाच वाळताना वर येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, डाग परत आला. पाणी कमी, सक्शनच्या कोरड्या फेऱ्या जास्त, पंखे जमिनीलगत. कोटेशनमध्ये धागा कुठला, आधी काय फवारलंय, हळदीचे डाग किती आणि कुठे, हे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. मगच मशीनचा प्लग लावा.