मुंबईत गाळा घेतलाय? मशीन आणायच्या आधी वीज कंपनीकडून ही माहिती काढून घ्या

मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून मुंबईत येऊन गाळा, दुकान, दवाखाना नाहीतर छोटं वर्कशॉप टाकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी मूळचा परभणीकडचा, इथे बरीच वर्षं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंग करतोय, आणि गावाकडचं कोणी नवीन आलं की प्रश्न ठरलेले असतात, दादा आपल्या गाळ्यात वेल्डिंग मशीन चालेल का, तीन एसी बसतील का, मेन ब्रेकर केवढा टाकू. खरं सांगायचं तर यातलं अर्धं उत्तर माझ्याकडे नसतंच, ते वीज कंपनीच्या इंजिनियरकडे असतं. आणि ते मिळतं. फक्त नेमकं मागावं लागतं, लेखी मागावं लागतं आणि योग्य माणसाकडे मागावं लागतं.

गावी आपल्याला सवय काय, लाईट म्हणजे महावितरण, वायरमन ओळखीचा, डीपी शेताच्या बांधावर दिसते, तिच्यावर ६३ केव्हीए की १०० केव्हीए ते आपण उभ्या उभ्या वाचतो. मुंबईत यातलं काहीच डोळ्याला दिसत नाही. केबल सगळी जमिनीखाली, ट्रान्सफॉर्मर बिल्डिंगच्या कोपऱ्यात कुलूपबंद खोलीत, आणि कंपन्या एक नाही चार. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट. त्याच्या पुढे उपनगरात मुख्यतः अदानी, काही ठिकाणी टाटा पॉवर. भांडुप-मुलुंडला परत आपली महावितरण, तशीच पुढे ठाणे आणि नवी मुंबईत. जुने लोक अजून बीएसईएस किंवा रिलायन्सचं बिल म्हणतात, घाबरू नका, तो धंदा २०१८ मध्ये अदानीकडे गेला, म्हणजे तेच ते.

आता उपनगरात एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे भले भले गोंधळतात. २००९ पासून ग्राहकाला वायर तीच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली, म्हणजे बिल टाटाचं येतं पण तुमच्या मीटरपर्यंत आलेली केबल, फ्यूज, सबस्टेशन हे सगळं दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे आता अदानीचं असू शकतं. अशा वेळी टाटाच्या काउंटरवर जाऊन ट्रान्सफॉर्मर केवढा आहे विचारलं तर तो बिचारा काय सांगणार. टेक्निकल माहिती ज्याची वायर त्याच्याकडे. म्हणून बिल बघा आणि सोबत मीटर रूममध्ये जाऊन पॅनलवर नाव कोणाचं तेही बघा. मीटर रूमची चावी वॉचमनकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात असते, सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, न सांगता आत गेलात तर पहिल्याच दिवशी वाद.

जुनं कनेक्शन असेल तर बिलावरच पुष्कळ काही असतं. मंजूर लोड किती किलोवॅट, सिंगल फेज की थ्री फेज, टॅरिफ घरगुती की व्यावसायिक की औद्योगिक. सिंगल फेजला ४० अँपियरची मर्यादा आहे, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ९ किलोवॅट, त्याच्या वर जायचं तर थ्री फेज घ्यावीच लागते. भाड्याने गाळा घेताना एजंट म्हणतो पॉवर आहे, टेन्शन घेऊ नका. पॉवर आहे म्हणजे किती आहे? ताजं बिल हातात घेतल्याशिवाय डिपॉझिटचा चेक देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

जे बिलावर नसतं ते मागायचं. कस्टमर केअरला फोन करून हे मिळत नाही, त्यांच्यासमोर तुमचं बिल आणि तक्रार नंबर एवढंच असतं. तुमच्या भागाचं डिव्हिजन ऑफिस, बेस्ट असेल तर वॉर्ड ऑफिस, महावितरण असेल तर सबडिव्हिजन, तिथे नेटवर्क किंवा मेंटेनन्स बघणारा इंजिनियर कोण ते विचारा आणि त्याच्या नावाने नाही तर पदाच्या नावाने अर्ज द्या, कारण बदल्या होतात. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. तोंडी सांगितलं तर साहेब चांगले असतात, हो हो बघतो म्हणतात, पण त्यांच्यामागे शंभर कामं असतात, पोच असली की तुमचा कागद फाईलमध्ये राहतो.

अर्जात काय लिहायचं? गोल गोल लिहू नका. "आमच्या जागेच्या वीजपुरवठ्याची तांत्रिक माहिती द्यावी" एवढंच लिहिलंत तर उत्तरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ येईल आणि ते तर शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी साधारण असं लिहून देतो: "ग्राहक क्रमांक अमुक. या जागेवर नवीन मेन पॅनल बसवायचं असून स्विचगिअर निवडण्यासाठी पुढील माहिती हवी आहे. पुरवठा करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता केव्हीएमध्ये आणि त्याचा टक्के इंपिडन्स. सर्व्हिस केबलचा साईज, अंदाजे लांबी, तांब्याची की अॅल्युमिनियमची. सर्व्हिसच्या ठिकाणच्या फ्यूजचं रेटिंग. पुरवठ्याच्या जागी जास्तीत जास्त व कमीत कमी फॉल्ट लेव्हल. अर्थिंगची व्यवस्था कशी आहे." (स्विचगिअर म्हणजे मेन स्विच, ब्रेकर, फ्यूज वगैरे. इंपिडन्स म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा करंटला होणारा आतला अडथळा. सर्व्हिस केबल म्हणजे कंपनीची तुमच्या जागेपर्यंत येणारी केबल.) खाली कशासाठी हवं तेही लिहा आणि सोबत लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव व लायसन्स नंबर द्या. इंजिनियरला दिसलं की विचारणारा कामाचं विचारतोय, की तो आपणहून फोन करतो, असा माझा अनुभव आहे.

यातली फॉल्ट लेव्हल जरा नीट समजून घ्या, कारण गावाकडे हा शब्द कोणी काढत नाही. तुमच्या पॅनलवर फेज आणि न्यूट्रल किंवा तिन्ही फेज एकमेकांना चिकटले तर त्या क्षणी जास्तीत जास्त किती करंट धावेल, तो आकडा म्हणजे फॉल्ट लेव्हल. ब्रेकरवर ३२ किंवा ६३ अँपियर लिहिलेलं असतं ते रोजच्या चालण्याचं, पण त्याच ब्रेकरवर अजून एक आकडा असतो, ६००० किंवा १०००० एका चौकोनात, तो म्हणजे शॉर्ट झाल्यावर तो किती करंट सुरक्षितपणे तोडू शकतो. गावी छोटी डीपी आणि लांबच लांब तारा, त्यामुळे शॉर्ट झालं तरी करंट मर्यादित राहतो. मुंबईत उलटं. समजा सबस्टेशनमध्ये ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, ४३३ व्होल्टला त्याचा फुल लोड करंट साधारण ८४० अँपियर, इंपिडन्स ५ टक्के धरला तर त्याच्या टर्मिनलवर शॉर्टला वीसपट, म्हणजे जवळपास १७ हजार अँपियर. तिथे १० केएचा (म्हणजे १० हजार अँपियर तोडू शकणारा) एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, मेन म्हणून लावला तर तो ट्रिप होण्याऐवजी फुटू शकतो, आणि समोर माणूस उभा असेल तर विचारूच नका.

साकीनाक्याला हिंगोलीच्या एका पोराचा गाळा होता, सबस्टेशनची खोली बरोबर त्याच्या भिंतीमागे. आधीच्या भाडेकरूने साधे एमसीबी ठेवलेले. अर्ज केला, उत्तर आलं, आकडा बघून आम्ही मेनला २५ केएचा एमसीसीबी, म्हणजे मोठा दणकट ब्रेकर, टाकला आणि मगच त्याचं लेथ सुरू केलं. तोच गाळा चार बिल्डिंग सोडून असता तर केबलच्या लांबीमुळे आकडा बराच खाली आला असता आणि एवढा खर्च लागलाही नसता. म्हणून अंदाज नको, कागद हवा. आणि त्या कागदावर तारीख हवी, कारण उद्या कंपनीने ट्रान्सफॉर्मर मोठा बसवला की आकडा बदलतो. कमीत कमी आकडा कशाला मागायचा असं विचारतात, तर तो अर्थ फॉल्टसाठी, म्हणजे फेजची वायर मशीनच्या बॉडीला लागते तेव्हासाठी, करंट कमी पडला तर फ्यूज वेळेत उडत नाही आणि मशीनची बॉडी तशीच जिवंत राहते.

अर्थिंगबद्दल कळकळीने सांगतो. सप्लाय जिथे सुरू होतो तिथे कंपनीने अर्थ टर्मिनल द्यायचं असतं, १९५६ च्या जुन्या नियमांत होतं आणि आताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही आहे. ते आहे का, त्याला वायर जोडलेली आहे का, स्वतः बघा. जुन्या चाळीत, पागडीच्या बिल्डिंगमध्ये लोकांनी नळाच्या पाइपला अर्थ बांधलेली मी पाहिली आहे, पाइप मध्ये प्लॅस्टिकचा झाला की संपलं सगळं. आणि कोणी सांगितलं की बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाक, तर त्याला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटला तर मशीनच्या पत्र्यावर पूर्ण व्होल्टेज येतं. जमिनीत पुरलेला स्वतःचा अर्थ इलेक्ट्रोड, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), यात पैसे वाचवू नका.

व्होल्टेजची तक्रार करायची असेल तर नुसतं "लाईट कमी येते" लिहू नका. चार-पाच दिवस वेळ टाकून रीडिंग लिहा, मशीन चालू असताना आणि बंद असताना, आणि शक्य असेल तर मीटरजवळ घ्या, कारण मीटरच्या पुढची वायर तुमची आणि तिच्यात पडणारा ड्रॉपही तुमचाच. २३० च्या सहा टक्के वर-खाली म्हणजे साधारण २१६ ते २४४ ही लो टेन्शनची, म्हणजे घर-गाळ्याला येणाऱ्या कमी दाबाच्या पुरवठ्याची, जुनी मापपट्टी आहे, त्याच्या बाहेर सतत जात असेल तर व्होल्टेज रेकॉर्डिंग करा असं लेखी मागा. पण एका फेजवर २८०-३०० आणि दुसऱ्यावर १५० दिसलं तर अर्ज-बिर्ज काही नाही, मेन बंद करा आणि लगेच फॉल्टच्या नंबरवर फोन लावा, बहुतेक न्यूट्रल सुटलेला असतो.

उत्तर आलंच नाही तर बेस्ट आणि महावितरणला माहिती अधिकार लागू आहे, १० रुपयांची फी, ३० दिवसांत उत्तर. आणि चौघांपैकी कुठल्याही कंपनीच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल, असा क्रम आहे, वकील लागत नाही. भांडणाच्या सुरात जायची बहुतेक वेळा गरज पडत नाही, पण पायऱ्या माहीत असाव्यात.

आणि लोड वाढवायचा असेल, त्यासाठी नवीन सर्व्हिस केबल लागणार असेल, तर उन्हाळ्याची वाट बघू नका. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी लागते आणि पावसाळ्यात तातडीचं काम सोडून खोदकाम थांबवतात, त्यामुळे मे महिन्यात अर्ज केलेल्याची केबल दिवाळीच्या तोंडावर पडते. वरची माहिती डिसेंबर-जानेवारीतच मागून घ्या, कॉन्ट्रॅक्टरकडून लोडचा हिशोब करून घ्या आणि फेब्रुवारीत अर्ज टाका.