महत्त्वाचा मेल स्पॅममधे जाऊ नये म्हणून जीमेलमधे व्हाइटलिस्ट कशी करायची

इंटरव्ह्यूचं बोलावणं, ॲडमिशनचा मेल, बँकेचं स्टेटमेंट, हे नेमकं स्पॅममधे जाऊन पडतं आणि जीमेल ३० दिवसांनी स्पॅम आपोआप उडवतं, म्हणून आधी आत्ताच्या आत्ता स्पॅम फोल्डर उघडून बघा, कामाचं काही दिसलं तर ‘नॉट स्पॅम’ दाबा. आता पुढचं पक्कं करू, म्हणजे ज्यांचे मेल स्पॅममधे जाऊच नयेत अशा भरवशाच्या पत्त्यांची यादी (व्हाइटलिस्ट) बनवू.

हे काम कॉम्प्युटरवरच करा, फोनच्या ॲपमधे फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं याचा नियम, बनवता येत नाही. वर सर्चच्या पट्टीत उजवीकडे छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की फॉर्म उघडतो, त्यात ‘फ्रॉम’मधे पाठवणाऱ्याचा पत्ता टाका, एकापेक्षा जास्त असतील तर मधे कॅपिटलमधे ओआर (OR) लिहा, मग ‘क्रिएट फिल्टर’ आणि पुढच्या पानावर ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर टिक. झालं. नुसतं कॉन्टॅक्टमधे नाव सेव्ह केलं तरी थोडा फरक पडतो, पण खात्री नाही, फिल्टरच करा.

आता खरी काळजी घ्यायची ती पत्ता टाकताना. मेलवर मोठ्या अक्षरात जे नाव दिसतं ते कुणीही काहीही ठेवू शकतं, त्याच्यावर जाऊ नका, खालचा ‘टू मी’ शेजारचा बाण दाबून पूर्ण पत्ता बघा आणि तोच कॉपी करा. बँकांचं तर आता सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने २०२५ मधे सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन वर यायला सांगितलं, स्टेट बँकेचं एसबीआय डॉट बँक डॉट इन झालं. बँकेच्या नावाने मेल आला आणि शेवट वेगळाच असेल तर तो यादीत घालायच्या आधी शाखेत विचारा. जुना पत्ता यादीत असेल तर तोही तपासा.

‘फ्रॉम’मधे नुसतं ॲट जीमेल डॉट कॉम कधीच टाकू नका, सगळ्या जगाला दार उघडं होतं!! स्वतःचा पत्ताही टाकू नका, फसवणारे बऱ्याचदा तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखा मेल पाठवतात. आणि एक लक्षात घ्या, फिल्टर लावलेल्या मेलवर कधीकधी पट्टी येते की हा मेल तुमच्या फिल्टरमुळे स्पॅममधे गेला नाही, म्हणजे जीमेलला तो संशयास्पद वाटलाय. अशा वेळी तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या पाठवणाऱ्याकडून आलाय का याच्या तपासण्या) यांच्यापुढे ‘पास’ नसेल तर लिंकला हात लावू नका.

घरातल्या आजीआजोबांच्या अकाउंटला मी उलटी यादी सुचवेन, म्हणजे ठरलेल्या लोकांचेच मेल इनबॉक्समधे. आउटलुकमधे हे जंक ईमेलच्या सेटिंगमधे तयारच मिळतं. जीमेलमधे ‘हॅज द वर्ड्स’मधे वजाचं चिन्ह, फ्रॉम, कोलन आणि कंसात सगळे मंजूर पत्ते मधे ओआर घालून टाका, म्हणजे -from:(पत्ता OR पत्ता), मग ‘स्किप द इनबॉक्स’ आणि एखादं लेबल, समजा ‘नंतर बघू’. डिलीट मात्र निवडू नका, कारण नवीन डॉक्टरांचा रिपोर्ट किंवा एखाद्या साइटचा ओटीपी आला तर तोही त्याच लेबलमधे जाणार, तिथे रोज एक नजर टाकायला घरात कुणीतरी हवं. कुणाला यादीतून काढायचं किंवा नवं नाव घालायचं झालं तर सेटिंगमधे ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’मधे जाऊन ‘एडिट’ करा.